दोन टोकं हिरवी म्हणून मधलं हिरवं?

कंसातली

अर्धविराम यांचा 'मॅट्रिक्स म्हणजे हौस' हा धागा वाचला. तिथेच प्रतिसाद टंकायला घेतला होता, पण तो इतका लांबला की वेगळा धागा काढते आहे. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं थोडक्यात: लायब्ररी पायथनच्या पाच व्हर्जन्सवर चालते असं जाहीर केलं असलं तरी सीआयमध्ये (कोड बदलला की टेस्ट आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) सगळ्यात जुनं आणि सगळ्यात नवं, अशी दोनच लावा. मधली आपोआप चालतात. मॅट्रिक्स, म्हणजे प्रत्येक व्हर्जनसाठी टेस्टचा वेगळा जॉब, ही रीडमीवर (प्रकल्पाच्या पहिल्या पानावर) हिरवे बिल्ले मिरवायची हौस.

'मधली आपोआप चालतात' इथे मी अडले. याच वाक्यावर विसंबून मी एकदा तोंडावर आपटले आहे.

माझी कॉन्फिग वाचणारी एक छोटी लायब्ररी आहे. टॉमल (सेटिंग लिहायची एक पद्धत) वाचायला पायथन ३.११ पासून टॉमललिब आतच मिळतं. त्याआधी बाहेरून टॉमली घ्यावं लागतं. म्हणून डिपेंडन्सीत (सोबत बसवायच्या पॅकेजच्या यादीत) अट घातली की व्हर्जन अमक्यापेक्षा कमी असेल तर टॉमली बसव. त्या अटीत ३.११ च्या जागी ३.१० लिहून बसले. एका आकड्याची चूक. आता बघा: ३.८ वर टॉमली बसतं, चालतं. ३.९ वरही तेच. ३.११ आणि ३.१२ वर टॉमललिब घरचंच, तिथेही चालतं. फक्त ३.१० वर टॉमली बसत नाही आणि टॉमललिब अजून जन्मलेलं नाही. इम्पोर्टलाच आडवं होतं. माझ्या सीआयमध्ये ३.८ आणि ३.१२ होती, दोन्ही हिरवीगार. रिलीज केलं, लॅपटॉप मिटला, झोपले. सकाळी इश्यूंची (तक्रारींची) रांग, आणि रांगेत बहुतेक उबुंटू २२.०४ वाले, कारण त्यात पायथन ३.१० च येतं.

दोन टोकं पुरेशी केव्हा? कोडमध्ये व्हर्जनची एकही अट नसेल तेव्हा. अट आली की तिथे नवं टोक तयार होतं. माझ्या त्या टीचभर लायब्ररीत अशा चार अटी निघाल्या. अर्धविराम यांनी आपल्या मोजल्या आहेत का?

अर्धविराम

'हौस' हा शब्द लागलेला दिसतो. असो.

तुमची गोष्ट रंगतदार आहे, पण ती टायपोची गोष्ट आहे. टायपो तुमचा आणि पाच पट जॉब सगळ्यांनी चालवायचे?

आता माझा हिशोब. पाच व्हर्जन्स, तीन ओएस, म्हणजे १५ जॉब. समजा प्रत्येक जॉब शंभरातून एकदा उगाच फुटतो: कुठे डाउनलोड अडकलं, कुठे टाइमआउट झाला. मग पंधराच्या पंधरा हिरवे येण्याची शक्यता ८६ टक्के. म्हणजे दर सातवा पीआर (कोडात बदल घ्या अशी विनंती) काहीही चूक नसताना लाल. महिन्याभरात टीमला एकच सवय लागते, लाल दिसलं की न वाचता 'पुन्हा चालवा' दाबायचं. खरा बग आला तरी तेच बोट त्याच बटणावर. दोन जॉब ठेवले तर हेच प्रमाण २ टक्क्यांवर येतं. मला लाल रंगाचा धाक टिकवायचा आहे, तुम्हाला बिल्ले.

यॅमलग्रस्त

३.१० चा विषय निघालाच आहे तर दोन शब्द बोलून घेतो. ऑक्टोबर २०२१, पायथन ३.१० आलं. सीआयची सेटिंग ज्या यॅमलमध्ये लिहितात, तिथल्या यादीत ३.९ नंतर स्वल्पविराम देऊन ३.१० लिहिलं, पुश केलं. उत्तर आलं: ३.१ हे व्हर्जन सापडलं नाही. अहो, ३.१ मागितलं कोणी? यॅमलने! अवतरणचिन्हं नाहीत म्हणजे तो दशांश अपूर्णांक, आणि शेवटचं शून्य तर गणितात निरर्थक. त्याच यॅमलच्या जुन्या नियमात नुसतं 'नो' लिहिलं की ते 'असत्य' होतं आणि देशांच्या कोडमधून नॉर्वे (NO) गायब होतो. ज्या भाषेला व्हर्जन नंबर आणि भागाकार यातला फरक कळत नाही, तिच्यात आपण व्हर्जन्सची यादी लिहायची. दोन टोकं घ्या नाहीतर पन्नास, आधी हे यॅमल जाळा.

माणिक

@यॅमलग्रस्त, तुम्ही नशीबवान. तुमचं लाल तरी झालं.

आम्ही रुबीवाले. यादीत ३.० लिहिलं, अवतरणचिन्हांशिवाय. यॅमलने त्याचं ३ केलं आणि सेटअपने (रुबी बसवणाऱ्या पायरीने) ३ चा अर्थ घेतला 'तीनमधलं जे सगळ्यात नवं असेल ते'. जॉबच्या नावात ३, आत चालतंय ३.२, टिक हिरवी. ३.० म्हणजे कीवर्ड आर्ग्युमेंट्स वेगळे काढले तेच व्हर्जन, तपासायचं होतं ते नेमकं तेच. आमच्याकडे ते वर्षभर तपासलंच गेलं नाही. कळलं कसं? लॉगमध्ये दुसरंच काहीतरी शोधत होतो.

तेव्हापासून प्रत्येक जॉबची पहिली पायरी: चालू व्हर्जन छाप, आणि मागितलेल्याशी जुळत नसेल तर तिथेच थांब. दोन ओळींचं काम आहे.

पर्लकाका

पोरांनो, हे सगळं तुम्ही आत्ता शोधताय? पर्ल भाषेच्या मॉड्यूलांचं भांडार म्हणजे सीपॅन, आणि त्याचे सीपॅन टेस्टर्स १९९८ पासून चालू आहेत. मॉड्यूल सीपॅनवर चढवलं की जगभरातले स्वयंसेवक आपापल्या मशीनवर, आपापल्या पर्लवर ते चालवून बघतात आणि अहवाल पाठवतात. कुठे फ्रीबीएसडी, कुठे सोलारिस, कुठे कोणी हाताने कंपाइल केलेलं विचित्र पर्ल. यॅमल नाही, मिनिटांचा हिशोब नाही. लेखकाने काही लावायचंही नाही. घरबसल्या तक्ता तयार, या व्हर्जनवर पास, त्या व्हर्जनवर नापास.

बिनधास्त मर्ज

काका, पर्लचा उल्लेख न करता तुमचा एक तरी प्रतिसाद दाखवा. (हलके घ्या.)

मूळ विषयावर: हे सगळं लायब्ररीवाल्यांचं दुखणं आहे. आमची सेवा एका कंटेनरमध्ये एकाच पायथनवर चालते. मॅट्रिक्सची गरज शून्य. तरी दर नवीन माणूस येऊन विचारतो, आपण फक्त ३.९ वरच का टेस्ट करतो? कारण आपण फक्त ३.९ वरच चालतो, बाबा!

कंसातली

@बिनधास्त मर्ज, मान्य. ॲप्लिकेशनला पाच व्हर्जन्स नकोत. मी लायब्ररीबद्दलच लिहिलं होतं. पण ३.९ चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला, आणि कधीतरी पुढे सरकावं लागेलच ना? तुमच्याकडे एक नाही, दोन हवीत, आजचं आणि उद्याचं. उद्याचं फुटलं तरी चालेल, मर्ज (बदल मुख्य कोडात घेणं) अडवू नका, फक्त दिसू द्या.

@अर्धविराम, टायपो म्हणून उडवून लावलंत. टेस्ट असतात कशासाठी? आमच्या हुशारीचा सत्कार करायला?

बिनधास्त मर्ज

उद्याचं म्हणे. बरं, सांगतोच. आधीच्या नोकरीत ३.८ वरून एकदम ३.१२ ला उडी मारली होती. अंदाज दिला दोन दिवस, लागले पाच आठवडे. ३.१२ मधून डिस्टयूटिल्स (पॅकेज बांधायचं जुनं मॉड्यूल) काढून टाकलंय हे आम्हाला तेव्हा कळलं. वापर आमचा नव्हता, आमच्या डिपेंडन्सीच्या डिपेंडन्सीचा. त्याच्याआधी ३.१० ने कलेक्शन्समधली मॅपिंगवगैरे जुनी नावं काढली होती, तीही आम्हाला त्याच आठवड्यात भेटली. आणि या सगळ्याच्या सूचना मधली व्हर्जन्स वर्षानुवर्षं ओरडून देत होती. ती ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

तरीही मॅट्रिक्सची गरज शून्यच. एक जादा जॉब म्हणजे मॅट्रिक्स नव्हे.

कंसातली

बरं, 'एक जादा जॉब' म्हणा. नावात काय आहे.

मध्यरात्र

मला व्हर्जन्सशी देणंघेणं नाही. मला अर्धविराम यांच्या त्या एक टक्क्याबद्दल बोलायचं आहे, कारण सगळे तो निसर्गनियम असल्यासारखा धरून चाललेत. टेस्ट 'उगाच' फुटत नाही. कारण असतं, तुम्ही शोधलेलं नसतं.

आमच्याकडे एक टेस्ट होती: टॅग कोणत्याही क्रमाने दिले तरी कॅशची 'की' (साठवलेली गोष्ट शोधायची खूण) तीच आली पाहिजे. दहा-पंधरा धावांत एकदा फुटायची. सगळ्यांना पाठ होती. 'अरे ती होय, दाब परत.' आठ महिने दाबलं. मग एकदा माझं रिलीज तिच्यामुळे तीनदा अडलं आणि मी चिडून बसले. ही 'की' बनवताना टॅग सेटमध्ये टाकून जोडत होते. सेटला क्रम नाही हे सगळ्यांना माहीत, पण एका प्रोसेसमध्ये तो बहुतेक वेळा सारखाच निघतो. दोन टॅगचे हॅश (मजकुरावरून काढलेले आकडे) एकाच खणात पडले तरच क्रम 'आधी कोण आला' यावर जातो. आणि पायथन ३.३ पासून स्ट्रिंगचे हॅश दर प्रोसेसला वेगळे, म्हणून टेस्ट कधीतरीच फुटायची.

आता खरी गंमत. प्रॉडक्शनमध्ये आठ प्रोसेस, प्रत्येकीचा हॅश वेगळा, म्हणजे त्याच टॅगची की प्रत्येकीकडे वेगळ्या क्रमाची. एकीने भरलेली कॅश दुसरीला सापडायचीच नाही. डेटाबेस का तापतोय म्हणून आम्ही मशीन वाढवली होती! टेस्ट आठ महिने बोंबलून तेच सांगत होती. दुरुस्ती? जोडण्याआधी क्रम लावला. एक शब्द.

अर्धविराम

छान. तुम्हाला एक हिरा मिळाला. त्यासाठी मी किती दगड फोडू? माझ्याकडचे नव्वद टक्के अपयश नेटवर्कचे असतात. पॅकेज उतरवताना अडकतं, बाहेरची सेवा वेळेत उत्तर देत नाही. त्यात कोणतं गूढ सत्य दडलंय? आम्ही अशा टेस्टना एकूण तीनदा चालवून बघणारं प्लगइन लावलंय. तीनदा पडली तर लाल. सगळे सुखी.

मध्यरात्र

तीनदा आपोआप! म्हणजे निम्म्या वेळा फुटणारी टेस्टसुद्धा आठातून सात वेळा हिरवी दाखवायची सोय केलीत. वर लाल रंगाच्या धाकाबद्दल प्रवचन? धाक तुम्ही स्वतःच्या हातांनी मारलात आणि खुनाचा आळ मॅट्रिक्सवर घातलात.

अर्धविराम

प्रवचन कोण देतंय ते दिसतंय. तुमच्याकडे आठ महिने बग पडून होता. आमच्याकडे रिलीज दर आठवड्याला जातं. टेस्टची पूजा करायला वेळ असणाऱ्यांनी जरूर करावी.

मध्यरात्र

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

लाल फुली

दोघंही जरा थांबा. नेटवर्कला हात लावणारी टेस्ट मॅट्रिक्समध्ये घातलीतच कशाला? बाहेरची सेवा पायथन ३.९ ला एक आणि ३.१३ ला दुसरं उत्तर देते का? त्या टेस्ट एकाच व्हर्जनवर, वेगळ्या जॉबमध्ये चालवा. मॅट्रिक्समध्ये फक्त त्या, ज्यांचा निकाल भाषेच्या व्हर्जनवर अवलंबून आहे. आणि ओएस गुणिले व्हर्जन करायचं हे कुठे लिहिलंय? लिनक्सवर सगळी व्हर्जन्स, विंडोज आणि मॅकवर एकेक. पंधराचे सात होतात.

आणखी एक, @अर्धविराम, फेल-फास्ट बंद केलंय का? गिटहब ॲक्शन्समध्ये ते मुळातच चालू असतं. एक जॉब पडला की बाकीचे रद्द. मग '३.९ वरच फुटतंय की सगळीकडे' हे कळणार कसं?

अर्धविराम

फेल-फास्ट चालूच आहे. बंद केलं की मिनिटं जळतात.

लाल फुली

म्हणजे १५ जॉब लावायचे, पहिला पडला की चौदा मारायचे, आणि मग म्हणायचं मॅट्रिक्समधून काही माहिती मिळत नाही.

यॅमलग्रस्त

अर्धविरामना आज पूर्णविराम मिळणार बहुतेक.

अर्धविराम

हा विनोद मला सातवीत पहिल्यांदा ऐकवला गेला.

लाल फुली

रच्याकने, मॅट्रिक्सचं खरं दुखणं कोणी काढलंच नाही, ते मी काढतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये ३.८ चा सपोर्ट संपला, आम्ही यादीतून काढलं. दुसऱ्या दिवसापासून एकही पीआर मर्ज होईना. सगळं हिरवं आणि खाली एक पिवळा ठिपका: 'टेस्ट (३.८)' च्या निकालाची वाट बघतोय. मर्जसाठी सक्तीच्या तपासण्यांच्या यादीत ते नाव होतं, आणि त्या नावाचा जॉब आता जन्माला येणारच नव्हता. सेटिंग बदलायचा हक्क एकाच माणसाकडे, तो रजेवर. चार दिवस पिवळा ठिपका बघत बसलो.

मग शहाणे झालो. शेवटी एकच गोळाबेरीज करणारा जॉब ठेवला, सगळ्या मॅट्रिक्सवर अवलंबून, आणि सक्ती फक्त त्याची. त्यातही मेख आहे. वरचं काही पडलं की हा जॉब वगळला जातो, आणि वगळलेला जॉब पास म्हणून मोजतात! एक पीआर वरती लाल, खाली 'मर्ज करा' हिरवं, अशा अवस्थेत आत गेला. म्हणून त्याला 'काहीही झालं तरी चाल' सांगायचं आणि आत वरच्यांचे निकाल स्वतः तपासायचे. हे लिहिलंत की व्हर्जन्स वाढवा, कमी करा, सेटिंगला हात लावायला नको.

माणिक

+१. हा प्रतिसाद वेगळा धागा म्हणून टाका, इथे मारामारीत हरवेल.

पर्लकाका

सीपॅन टेस्टर्समध्ये मर्जच अडत नाही, कारण...

बिनधास्त मर्ज

काका!!

अर्धविराम

लाल फुली यांची सक्तीच्या तपासणीची गोष्ट उपयोगी आहे, उचलतो. नेटवर्कच्या टेस्ट वेगळ्या काढण्याचंही ठीक. पण माझा मूळ मुद्दा कोणी खोडलेला नाही. मॅट्रिक्स लांबतो कारण आपण जुनं सोडत नाही. पायथन दर ऑक्टोबरला नवं व्हर्जन काढतं आणि प्रत्येकाला पाच वर्षं सांभाळतं, म्हणून प्रत्येकाला वाटतं आपणही पाच सांभाळायची. कोणी सांगितलं? वैज्ञानिक पायथनवाल्यांचा 'स्पेक शून्य' हा दस्तऐवज म्हणतो, व्हर्जन तीन वर्षांचं झालं की सोडा. तीनच व्हर्जन्स राहिली तर दोन टोकं की सगळी हा वादच एका जॉबवर येतो.

कंसातली

हे मात्र बरोबर आहे, आणि हे तुमच्या मूळ धाग्यात असतं तर मी एवढं टंकलंच नसतं. तिथे तुम्ही 'पाच जाहीर करा, दोन तपासा' म्हणालात. न तपासलेलं व्हर्जन चालतं म्हणून पॅकेजवर छापायचं याला माझ्याकडे दुसरा शब्द आहे, पण संपादक ओरडतील. तीन सांभाळा, तीन तपासा. काही तक्रार नाही.

मी स्वतः लगेच सोडू शकत नाही. माझ्या इश्यूंमध्ये अजून २२.०४ वाले येतात, आणि त्यांना एकदा रडवून झालंय.

मध्यरात्र

मघाचा प्रतिसाद रागात होता, काढला. तीनदा चालवण्याबद्दलचं मत मात्र काढलेलं नाही. निदान पहिल्या फेरीत पडलेल्यांची यादी तरी कुठेतरी साठवा. आमच्याकडे ती आठ महिन्यांची असती तर मला एका दुपारी कळलं असतं.

अर्धविराम

यादी साठवतो. हिरे निघाले तर कळवेन, दगड निघाले तर तुमच्या पत्त्यावर पाठवतो.

आणि @कंसातली, तुम्ही विचारलं म्हणून काल आमच्या कोडमधल्या व्हर्जनच्या अटी मोजल्या. अकरा आहेत. त्यातली एक व्हर्जनची तुलना स्ट्रिंग म्हणून करते, म्हणजे तिच्या मते ३.१० हे ३.९ पेक्षा जुनं. ती कोणी लिहिली ते शोधलं, ते इथे सांगणार नाही. पीआरला दोन टोकं तशीच राहतील. मधली सगळी रोज रात्री शेड्यूलवर चालतील. याला कोणी माझी हार म्हणू नये.

कंसातली

नाही म्हणत. फक्त एक: रेपो सार्वजनिक असेल आणि ६० दिवस त्यात काही हालचाल झाली नाही, तर गिटहबवर शेड्यूल आपोआप बंद होतं. तेवढं बघा.

अर्धविराम

माहीत होतं.

यॅमलग्रस्त

शेड्यूलमध्ये व्हर्जन्सना अवतरणचिन्हं दिलीत ना?